धुतलेली तार

एडवणमध्ये मंदाकाकीचं भांडं ओळखायला त्यावर कोरलेलं नाव वाचावं लागत नसे. लग्नकार्याला दहा घरचे टोप एकत्र आले, की त्यांतला जो डोळ्यांवर येईल इतका लखलखतो तो तिचा, हे वाढणाऱ्या बाया लांबूनच सांगत. आणि मंदाकाकीला ते ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगत, कारण तेवढ्यावर ती खूश होऊन पुढची दोन पातेली आपणहून घासून देई.

या लखलखाटाचं गुपित शिळ्या ताडीत होतं. तिचे यजमान बळवंतकाका यांना रोज सकाळी तांब्याभर ताडी लागे. त्यातली ओंजळभर तळाला उरेच. मंदाकाकी ती मडक्यात साठवून ठेवी आणि चार दिवसांत तिचा असा आंबट जाळ होई की मांजरसुद्धा त्या कोपऱ्याला वळसा घालून जाई. त्यात मूठभर जाडं मीठ टाकायचं, नारळाच्या काथ्यानं खसाखसा घासायचं, आणि वर खोबरेल तेलाचा बोळा फिरवायचा. पितळ, तांबं, विळी, कोयता, दाराच्या कड्या, काही म्हणजे काही या धुण्यातून सुटत नसे. बाजारातल्या पावडरी म्हणजे कंपनीवाल्यांनी बायकांना लावलेला चुना आहे, असं तिचं ठाम मत होतं आणि ते ती न विचारताही देत असे.

या धुण्यात तीन वर्षांपूर्वी एक नवी वस्तू आली. बळवंतकाकांचे गुडघे गेले, माडावर चढणं बंद झालं, तेव्हा त्यांनी पालघरच्या एका प्रदर्शनातून नारळावर चढायचं मशीन आणलं. मशीन म्हणजे मोठं काही नव्हे, पाय ठेवायच्या लोखंडी पट्ट्यांची दोन पायताणं. प्रत्येकाला एक तारेचा फास, तो माडाच्या खोडाभोवती बसतो. एक पाय उचलायचा, फास वर सरकवायचा, त्यावर उभं राहायचं, मग दुसरा. सगळा भार करंगळीहून बारीक अशा त्या दोन तारांवर. काकांना ते चालवता आलं नाहीच. ते चालवायला डोंगराकडचा अंकुश येऊ लागला. दर दीड महिन्यानं तो आणि त्याची बायको भागी पहाटेच्या गाडीनं उतरत, तो नारळ पाडी, ती गोळा करी, आणि दुपारी मशीन परत करून दोघं निघून जात.

ते गेले की मंदाकाकी मशीन धुवायला काढी. दोन्ही तारा घमेल्यातल्या ताडी-मिठात तासभर बुडवून ठेवी, मग काथ्या, मग तेल, मग पडवीतली खुंटी. कोणी विचारलं तर म्हणे, समुद्राचा वारा आहे, गंज नको धरायला. ऐकणाऱ्याला ते पटे. काळजी घेणारी बाई म्हणून चार जणींत तिचं नावही झालं.

आता खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. पहिल्यांदा तिनं ते मशीन धुतलं तेव्हा ते आठ दिवसांचं कोरं होतं. गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता त्यावर. अंकुशनं ते पडवीतल्या खुंटीला अडकवलं, शेजारी तिच्या पापडांची परात होती, आणि तिच्या अंगावर काटा आला. डोंगराकडच्या माणसाचा हात लागलेली वस्तू तशीच घरात घ्यायची नाही, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं आणि आईला तिच्या आईनं. हल्ली असं तोंडानं बोलायची सोय राहिली नव्हती, आणि सून जागृती तर उमरोळीच्या शाळेत शिक्षिका. तिच्यासमोर असलं काही काढलं असतं तर घरात आठवडाभर अबोला. म्हणून मंदाकाकीनं गंजाचं नाव पुढं केलं. पुढं पुढं तर तिचं तिलाच ते खरं वाटू लागलं. मशीनच्या तारेवर प्लॅस्टिकची नळी होती, तीसुद्धा तिनं ब्लेडनं सोलून काढली, कारण तिच्यात मळ अडकतो. कुणाचा मळ, ते तिनं मनातसुद्धा म्हटलं नाही.

जागृतीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला सासूचं कौतुकच होतं. फेब्रुवारीत शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा तिनं विषय घेतला गंजाचा, म्हणजे घरातल्या कोणत्या पदार्थानं लोखंड लवकर गंजतं आणि कशानं टिकतं. मागच्या पडवीत काचेचे ग्लास मांडले. एकात विहिरीचं पाणी, एकात मिठाचं, एकात खायचा सोडा, एकात लिंबू, एकात नुसतं खोबरेल. प्रत्येकात एकेक खिळा. मंदाकाकी येता-जाता वाकून बघे आणि हसे. पगार घेऊन खिळे भिजत घालायचे, ही नोकरी तिला आवडली.

मग जागृतीला आणखी एक सुचलं. सासूबाईंची पद्धतसुद्धा मांडायची. मुलांना कळू दे की आपल्या गावातल्या बाया रसायनाच्या डब्यांशिवाय लोखंड कसं राखतात. काकांच्या अवजारांच्या पेटीत मशीनबरोबर आलेल्या तारेचा एक जादा तुकडा पडून होता, तीन वर्षं कुणी हात न लावलेला. तिनं त्याचे तीन भाग केले. एक कोरडा ठेवला. एक मिठाच्या पाण्यात टाकला. तिसऱ्याला रोज तासभर ताडी-मिठाची आंघोळ, काथ्या, तेल आणि खुंटी. जशी आई करतात अगदी तशी. वीस दिवस केलं तिनं ते. तिचं गणित असं की वर्षाला सात-आठ वेळा नारळ उतरतात, म्हणजे मशीनच्या तारा आजवर साधारण वीस-बावीस वेळा धुतल्या गेल्या असणार, तेवढंच या तुकड्याचं झालं पाहिजे. तक्त्यावर तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलंसुद्धा, ‘माझ्या सासूबाईंची पद्धत’. मंदाकाकीनं तो तक्ता शेजारच्या तीन घरांत नेऊन दाखवला.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आठला जागृती ग्लास पुठ्ठ्याच्या खोक्यात भरत होती. स्कूटी दारात उभी होती. अंकुश आणि भागी साडेसहालाच मशीन घेऊन खाडीकडच्या वाडीत गेले होते, कारण तिथले माड सगळ्यांत उंच आणि ऊन चढायच्या आत ते उरकावे लागत. बळवंतकाका ताडी घेऊन आरामखुर्चीत बसले होते. मंदाकाकी खोक्याजवळ उभी राहून आपल्या तारेची वाट बघत होती.

तीन तुकडे शेजारी शेजारी ठेवले. कोरडा तुकडा करडा, मळकट, जसा आणला तसा. मिठाच्या पाण्यातला पांढुरका पडला होता. मंदाकाकीच्या पद्धतीचा मात्र चांदीच्या साखळीसारखा चमकत होता. मंदाकाकीनं काकांना हाक मारून तो दाखवला. काकांनी मान हलवली आणि ताडीचा घोट घेतला.

जागृतीला मुलांना दाखवायला तारेचा पीळ उलगडून ठेवायचा होता. ती तार म्हणजे एक तार नव्हेच. सुतासारख्या बारीक तारांचे सहा पेड, आणि मधोमध एक दोरी, सगळं एकत्र वळलेलं. तिनं पक्कड घेऊन कोरड्या तुकड्याचं टोक उलगडलं. आत बाहेरच्यासारखाच करडा रंग, दोरी सुकी, पिवळसर. मिठाच्या पाण्यातलाही तसाच निघाला, जरा पांढरी भुकटी एवढंच. मग तिनं चमकता तुकडा धरला.

पक्कड फिरवताच कर्रकन आवाज झाला आणि टेबलावर तांबडी भुकटी सांडली. दुसऱ्यांदा फिरवली तर एक अख्खा पेड सुटून हातात आला. मधली दोरी काळी, ओलीगच्च, आणि तिला ताडीचा वास येत होता. जागृतीनं तुकडा दोन बोटांत धरून वाकवला. तो शेवयांसारखा तुटला.

जागृती तुटलेलं टोक डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. मग तिनं, शाळेत सांगावं तसं पण अडखळत, सांगायला सुरुवात केली. या तारेवर जस्ताचा मुलामा असतो, तो जो मळकट करडा रंग दिसतो तोच. तोच आतल्या लोखंडाला राखतो. आंबट ताडीनं पहिल्या दिवशी फेस आला होता, तो हा मुलामा विरघळून गेल्याचा. मग मीठ उघड्या लोखंडाला लागलं. मधली दोरी ते आंबटपाणी पिऊन बसली. वरून ओल्यावरच तेल लावलं, म्हणजे बाहेरून गंज दिसायचा नाही आणि आतलं पाणी सुकायचं नाही. चमक फक्त वरची होती.

मंदाकाकीला त्यातलं निम्मंअर्धं कळलं. पण जे कळायला हवं होतं ते पुरतं कळलं. गेल्या दोन खेपांना मशीनची तार पुसताना तिच्या बोटांत कुसळं बोचली होती. तारेतून केसासारखी बारीक टोकं बाहेर आलेली. चांगली तार असून कुसळं कुठली, म्हणून तिनं ती अडकित्त्यानं कातरून टाकली होती आणि वर दोनदा जास्तीचं तेल फिरवलं होतं. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. ती कुसळं म्हणजे तुटलेल्या तारा होत्या.

“मशीनची तार...” ती म्हणाली. “ती हीच ना?”

जागृतीनं तिच्याकडं पाहिलं. “हीच. याच गुंडाळ्यातली.”

“अंकुश वर हाय,” मंदाकाकी म्हणाली.

जागृतीनं भागीचा नंबर लावला. बंद होता. पुन्हा लावला. काका आरामखुर्चीतून म्हणाले की तीन वर्षं काही झालं नाही, तर आजच काय होतंय, उगाच घाबरू नका. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मंदाकाकी अंगणात उतरली होती. पायांत काही घालायचं तिला सुचलं नाही. मागून जागृती ओरडली की मी रस्त्यानं स्कूटी घेऊन येते, पण रस्ता मोठ्या वळणाचा होता आणि वाडीतून पायवाट सरळ.

साठीच्या बाईनं धावू नये असं धावली ती. चिकूच्या वाडीतून, कुंपणाच्या भोकातून, पानवेलीच्या मांडवाखालून. लुगड्याचा काष्टा सुटला तो तिनं हातात धरला. डोळ्यांपुढं सारखी ती टेबलावरची तांबडी भुकटी येत होती. एवढ्याशा बोटभर तुकड्यात एवढी भुकटी, मग त्या फासात किती असेल? आणि ती सगळी आपण घातलेली. दर दीड महिन्यानं, नेमानं, मूठ मूठ मीठ टाकून. तिला धाप लागली होती आणि त्या धापेतसुद्धा ती मनाशी म्हणत होती की मी गंजासाठीच धूत होते, मी गंजासाठीच धूत होते. आणि प्रत्येक वेळी ते तिला खोटं वाटत होतं.

खाडीकडच्या वाडीत पोचली तेव्हा चार माड उतरून झाले होते. खाली नारळांचे ढीग होते. अंकुश पाचव्या माडाच्या शेंड्याशी होता, पन्नास-पंचावन्न फुटांवर, आणि कोयत्यानं नारळांची पेंड तोडत होता. भागी बाजूला उभी राहून वर बघत होती, नारळ कुठं पडतो ते.

मंदाकाकीच्या तोंडून जे पहिलं निघालं तेच चुकीचं होतं. “अंकुश, खाली ये!” ती ओरडली. “लगेच खाली उतर!”

अंकुशनं खाली वाकून पाहिलं. एवढी पेंड पाडतो नि येतो, असं काहीसं तो म्हणाला. मंदाकाकी पुन्हा ओरडली. तेव्हा त्यानं कोयता कमरेला खोचला आणि मशीनवरून उतरायला डावा पाय उचलू लागला.

“काय झालं, काकी?” भागीनं विचारलं.

“तार सडली हाय. आतून गंजली हाय सगळी.”

भागीनं एक क्षणही वाया घालवला नाही. ती झाडाशी धावली आणि वर तोंड करून ओरडली, “हलू नको! पाय ठेव खाली. दोनी पाय ठेव. मशीनवर उतरू नको.”

अंकुशचा पाय अधांतरी थांबला आणि परत टेकला. आणि मग मंदाकाकीला कळलं की आपण काय करायला सांगत होतो. उतरायचं म्हणजे एकेक पाय उचलायचा. दर पावलाला सगळा भार एकाच तारेवर. शंभर पावलं तरी असतील खालपर्यंत. ती माडाच्या आळ्यात मटकन बसली.

वरून अंकुश म्हणत होता, तार तर चकचकीत दिसते, नवी असल्यागत. त्याला ते खरं वाटत नव्हतं. तो पायाखाली वाकून वाकून बघत होता आणि त्याच्या वाकण्यानं मशीन जरा जरा सरकत होतं. आता त्याला पटवायचं तर एकच गोष्ट होती, आणि ती मंदाकाकीलाच सांगावी लागणार होती, मोठ्यानं, पंचावन्न फूट वर ऐकू जाईल अशी.

“मी धुतली ती,” ती म्हणाली. ते वर पोचलं नाही. तिनं गळ्यातला सगळा जोर लावला. “मी धुतली रे! तुमी गेल्यावर दर टायमाला आंबट ताडीत नि मिठात बुडवून ठेवायची. त्यानं आतून खाल्ली. वरून दिसत नाय. कुसळं निघाली होती ती मीच कापली.”

भागी मंदाकाकीकडं बघत नव्हती, तिची नजर वरच होती. अंकुशला आता पटलं. त्यानं हळूच हात वर नेले, झावळीचे दोन जाड देठ बुंध्याशी धरले, आणि दोघांना ओढून पाहिलं. शेंड्यात चढून बसायचं, दुसरा मार्ग नव्हता. त्यासाठी एक पाय मोकळा करावाच लागणार होता. त्यानं दोन्ही पायांचे पट्टे सोडवले. डावा पाय उचलून झावळीच्या बुडात रोवायला नेला, आणि त्याचं सगळं अंग उजव्या पायावर आलं.

आवाज फार मोठा नव्हता. भिजलेला सुतळीबॉम्ब वाजावा तेवढाच. उजवं पायताण त्याच्या पायातून निसटलं, खोडावर आपटत, घसरत खाली आलं आणि मंदाकाकीपासून हातभर अंतरावर वाळूत रुतलं. त्याच्या धक्क्यानं डावंही सुटून मागोमाग आलं. वर अंकुश दोन हातांवर लोंबत होता. त्याचे पाय हवेत काही तरी शोधत होते.

मंदाकाकीनं डोळे मिटले. तिला आयुष्यात कधी एवढी भीती वाटली नव्हती, मुलगा लहानपणी पाण्यात पडला होता तेव्हासुद्धा नाही. आपण या माणसाला मारलं, एवढंच तिला कळत होतं. भागी काही ओरडत नव्हती. ती खोडाला दोन्ही हात लावून, अगदी रोजच्या आवाजात, उजवा पाय कुठं न्यायचा ते नवऱ्याला सांगत होती. जरा वर. तिथं नाय, आतल्या अंगाला. तिथं खाच हाय. हां. आता दुसरा.

मंदाकाकीनं डोळे उघडले तेव्हा अंकुश झावळ्यांत पोटावर पडला होता. त्याची पाठ खालीवर होताना इथून दिसत होती. बऱ्याच वेळानं तो उठून बसला. पेंड खाली सोडायची दोरी त्याच्या कमरेला होती. तिचा त्यानं फास केला, दोन्ही पायांत अडकवला, जसा त्याचा बाप आणि आजा अडकवत आले होते, आणि माडाला मिठी मारून जुन्या रीतीनं इंच इंच उतरू लागला. तो वाळूवर टेकला तेव्हा त्याच्या छातीची आणि मांड्यांची सालटी निघाली होती. हाताच्या पंजातून रक्त येत होतं. तो उभा राहू शकला नाही. भागीनं त्याला खोडाला टेकवून बसवलं आणि डोक्यावरचं फडकं फाडून त्याचा हात बांधायला घेतला.

मंदाकाकी उठून जवळ गेली. काय करावं ते तिला कळेना. तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला. शेजारी तुटलेला फास पडला होता. तुटलेल्या जागी सगळं तांबडं होतं, जुन्या विटेसारखं, आणि त्यात जेमतेम चार-पाच तारा नुकत्याच तुटलेल्या, पांढऱ्या दिसत होत्या. एवढ्या चार-पाच तारांवर तो सकाळपासून पाच माड चढला होता.

तेवढ्यात जागृती आली. स्कूटी बांधावर टाकून ती धावतच आली, अंकुशला बघितलं, मशीन बघितलं आणि तिच्या सगळं लक्षात आलं. तिनं सासूच्या खांद्यावर हात ठेवला.

“आईंची चूक नाही हो,” जागृती अंकुशला म्हणाली. “गंज लागू नये म्हणूनच धूत होत्या त्या. त्यांना काय माहीत, ताडीनं उलटं होईल.”

सुटकेचा रस्ता अगदी समोर होता. जागृतीनं तो मनापासून, काही न कळता दाखवला होता. अंकुशनं मान हलवली, चालायचंच असं म्हटल्यासारखं. मंदाकाकीनं त्याच्या सोललेल्या छातीकडं पाहिलं आणि तिच्यानं राहवलं नाही.

“गंजासाठी नाय,” ती म्हणाली.

जागृतीचा हात तिच्या खांद्यावर तसाच राहिला, पण जड झाला.

“गंज नव्हताच तवा. कोरं होतं मशीन. याचा हात लागला म्हणून धूत होते मी.”

हे बोलून झाल्यावर ती वाट बघत राहिली. भागी ओरडेल, शिव्या देईल, गावात जाऊन सांगेल. तिनं तसं करावं असंच तिला वाटत होतं. भागीनं फडक्याची गाठ मारली, दातानं टोक तोडलं, आणि नवऱ्याचा हात त्याच्या मांडीवर नीट ठेवला.

“ठाव हाय, काकी,” ती म्हणाली. “पयल्या दिसापासून ठाव हाय. म्हनून तर हा तुमाला द्यायच्या आदी इहिरीवर धुतो, फडक्यानं पुसतो, उनात सुकवतो नि मंग आनतो. मी याला म्हनायची, आता येवडं सोच्छ दिलं तर नाय धुनार.”

तीन वर्षं दर खेपेला ते मशीन तिच्या हातात अगदी स्वच्छ आणि कोरडं यायचं, आणि एकदाही, हे धुतलेलं कसं, असा प्रश्न तिला पडला नव्हता.

जागृतीनं खांद्यावरचा हात काढून घेतला. ती अंकुशला धरून उठवू लागली, दवाखान्यात नेते म्हणाली. भागीनं दुसरी बाजू धरली. तिघं बांधाच्या दिशेनं सावकाश चालू लागले. अर्ध्यात पोचल्यावर भागी थांबली आणि मागं वळून, वाळूतल्या मशीनकडं बोट करून म्हणाली, “ते घरी न्हेऊ नका, काकी. भंगारातबी देऊ नका. दुसरं कुनी चढंल त्याच्यावर.”